उसाचे बेट : मॉरिशसची घडण आणि घाटावरून गेलेली माणसे

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरा नदीच्या दक्षिणेस असलेल्या लोणंदच्या परिसरात विहीर खणताना जो काळा कातळ लागतो, त्याचे नाते हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटाशी भूशास्त्राने जोडलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील एका अतितप्त स्रोतातून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, तो स्रोत मात्र जवळपास जागच्या जागी धुमसत राहिला आणि त्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या समुद्रतळावर लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांचा पाया रचत अखेर सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी त्याने मॉरिशसला पाण्याबाहेर काढले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज हाच स्रोत शेजारच्या रेयुनियों बेटाखाली असून तेथील ज्वालामुखी अजून जागा आहे. मॉरिशसच्या वाळूत व खडकांत बेटाच्या वयाहून कितीतरी जुने, काही तर तीन अब्ज वर्षांपूर्वीचे झिरकॉनचे कण सापडल्याने, बेटाच्या तळाशी एखाद्या बुडालेल्या प्राचीन भूखंडाचा तुकडा असावा असा तर्क गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. तो पूर्णपणे सिद्ध झाला तरी वरचा कातळ बेसाल्टच राहणार आणि बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली जमीनच या देशाच्या पुढच्या सगळ्या कहाणीची धनी आहे.

मॉरिशस हे दक्षिण गोलार्धात, विषुववृत्ताच्या सुमारे २० अंश दक्षिणेस, मादागास्करच्या पूर्वेला आठशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाहूनही ते लहान आहे. साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर पूर्वेकडील रॉड्रिग्ज, उत्तरेकडचे अगालेगा आणि सेंट ब्रँडनची प्रवाळी बेटे ही त्याच देशाची दूरची अंगे आहेत. बेटाच्या मध्यभागी पठार, त्याच्या कडेने जुन्या ज्वालामुखीच्या मोडक्या कड्यांसारखे उभे राहिलेले डोंगर आणि त्यांच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत जाणारे सपाट पट्टे अशी ही रचना आहे. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे प्रतापगडापेक्षाही ठेंगणे असले तरी समुद्रातून सरळ उठल्यामुळे ते डोळ्यांत भरते. किनाऱ्याला जवळपास सगळीकडून प्रवाळाच्या कड्याचा वेढा आहे, या कड्यावर महासागराची लाट फुटते आणि आतले उथळ खाजण निवांत राहते. दक्षिणेला जेथे हा कडा तुटतो तेथे समुद्र थेट खडकावर आदळतो.

पावसाची वाटणी सातारकरांना ओळखीची वाटावी अशी आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असताना पूर्वेकडच्या लोणंद-फलटण पट्ट्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपासच येतो, कारण ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात. मॉरिशसमध्ये वारे आग्नेयेकडून येत असल्यामुळे दिशा उलटी होते, पण न्याय तोच राहतो : पठारावर काही ठिकाणी चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाही नाही. उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो आणि त्याच काळात चक्रीवादळे येतात. १९६० च्या जानेवारीत ॲलिक्स व फेब्रुवारीत कॅरोल अशी दोन वादळे लागोपाठ आली, त्यांनी गवताची व पत्र्याची हजारो घरे उडवून नेली आणि त्या वर्षीचे साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याच्याही खाली उतरले. आज बेटावर सर्वत्र दिसणारी सपाट छपराची सिमेंटची घरे हा त्या दोन महिन्यांचाच परिणाम आहे.

या बेटावर मूळ रहिवासी नव्हते, ही गोष्ट त्याचा इतिहास समजून घेताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. अरब खलाशांना त्याचा ठावठिकाणा होता, सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन गेले, १५९८ मध्ये डचांनी त्याला आपल्या राजपुत्राचे, मॉरित्सचे, नाव दिले. परंतु १६३८ पर्यंत कोणीही तेथे वस्ती केली नाही. सस्तन प्राण्यांपैकी फक्त वटवाघळे, जमिनीवरचे राज्य महाकाय कासवांचे व पक्ष्यांचे आणि जंगल आबनुसासारख्या मौल्यवान लाकडाचे, अशी तेथील निसर्गाची घडी होती. उडता न येणारा डोडो हा कबुतरांच्याच कुळातला मोठा पक्षी या घडीचा भाग होता. डचांनी आबनुसाची तोड केली, जावाहून हरणे व ऊस आणला, त्यांच्या जहाजांबरोबर उंदीर, डुकरे व माकडे आली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच डोडो संपला. शिकारीपेक्षाही जमिनीवर घातलेल्या अंड्यांचा उंदीर-डुकरांनी केलेला फडशा हे त्याच्या नाशाचे मोठे कारण मानले जाते. मूळ जंगलाचा आज दोन टक्क्यांहूनही कमी हिस्सा बऱ्या अवस्थेत उरला आहे. तरीही या बाबतीत सगळेच हरले असे नाही : १९७४ मध्ये ज्याचे फक्त चार पक्षी रानात उरले होते तो मॉरिशसचा छोटा ससाणा, तसेच गुलाबी कबुतर व येथला हिरवा पोपट, हे तिन्ही पक्षी पिंजऱ्यातील प्रजनन आणि राखीव अरण्य यांच्या बळावर वाचवण्यात आले.

डचांनी १७१० मध्ये बेट सोडले आणि १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते घेतले. १७३५ मध्ये आलेल्या माहे द ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुईला, म्हणजे आजच्या राजधानीला, बंदराचे रूप दिले, साखरेचे घाणे घातले आणि गोदी उभारली. हाच गृहस्थ १७४६ मध्ये मद्रास जिंकणाऱ्या फ्रेंच आरमाराचा प्रमुख होता, यावरून भारताच्या राजकारणात या बेटाचे मोल काय होते ते कळते. मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर मळे चालत. फ्रेंच चाचे आणि युद्धनौका इंग्रजांच्या व्यापारी जहाजांवर येथूनच झडप घालीत असल्यामुळे इंग्रजांनी १८०९ मध्ये आधी रॉड्रिग्ज ताब्यात घेतले. त्या कामी मुंबईहून गेलेल्या तुकडीत मुंबई सैन्यातील देशी शिपाई होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्राँ पोरच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांचा पराभव केला खरा, परंतु डिसेंबरमध्ये बेट शरण आले. शरणागतीच्या अटींनुसार मळेवाल्यांची भाषा, धर्म, कायदा व मालमत्ता इंग्रजांनी जशीच्या तशी ठेवली. त्यामुळे दीडशे वर्षांचे राज्य इंग्रजांचे, जमीन व साखर फ्रेंच घराण्यांची आणि बोली गुलामांच्या तोंडी घडलेली क्रिओल, अशी विचित्र त्रिस्तरीय व्यवस्था तयार झाली. तिच्या खुणा आजही पुसलेल्या नाहीत.

१८२५ मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच केला आणि ऊस झपाट्याने डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढला. दहा वर्षांतच, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, बेटावरील गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना आपल्या सहासष्ट-सदुसष्ट हजार गुलामांपोटी वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. गुलामांना काहीही मिळाले नाही. भरपाईच्या रकमेतून मळेवाल्यांनी भारतातून मजूर आणले. बंगाल व मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवलेले कैदी १८१५ पासून येथे रस्ते बांधत होतेच. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्यांची त्याने आवर्जून नोंद घेतली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून आलेले ३६ मजूर मात्र कैदी नव्हते, त्यांनी पाच वर्षांच्या करारावर अंगठे उठवले होते. या कराराला मजुरांच्या तोंडी गिरमिट आणि करारबद्ध मजुराला गिरमिटिया म्हणत. गुलामगिरीनंतरच्या जगात मुक्त मजूर स्वस्तात मिळतो का, हे इंग्रज सरकारला येथे पाहायचे होते, म्हणून या पद्धतीला ते महान प्रयोग म्हणत. पुढे त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी येथे तोच कित्ता गिरवला गेला.

पहिल्या काही वर्षांतील फसवणूक व मृत्यू यांच्या बातम्यांमुळे ही वाहतूक काही काळ बंद ठेवावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली तेव्हा कलकत्ता, मद्रास व मुंबई ही तीनच बंदरे ठरवण्यात आली आणि प्रत्येक ठिकाणी मजुरांच्या हिताचा सरकारी संरक्षक नेमला गेला. १९१० पर्यंत या मार्गांनी साडेचार लाखांच्या आसपास माणसे मॉरिशसला उतरली आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश परत गेली. कलकत्त्याहून गेलेल्यांत बिहारकडील भोजपुरी भाषकांचा भरणा होता, मद्रासहून तमिळ व तेलुगू गेले आणि मुंबईहून गेलेल्यांचा वाटा एकूण संख्येच्या दहाव्या हिश्शापर्यंतही पोचला नाही. या छोट्या प्रवाहात बहुसंख्य रत्नागिरी जिल्ह्यातले होते, परंतु सातारा, कोल्हापूर या घाटमाथ्याच्या मुलखांतूनही लोक गेले.

ते का गेले, हे त्या काळाच्या महाराष्ट्राकडे पाहिल्यावर उलगडते. कोकणात खोतीच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मध्यस्थाच्या, जाचाखाली कुळाच्या हाती भाताच्या खाचराचा जेमतेम निम्मा ऐवज उरे. पोटासाठी मुंबईला जाणे आणि पलटणीत भरती होणे हा तेथील रिवाज गिरमिटाच्या आधीचाच होता, त्यामुळे मॉरिशसचे जहाज हा त्या रस्त्याचा लांबलेला टप्पा ठरला. घाटावर १८१८ नंतर किल्ल्यांवरची शिबंदी मोडली होती, १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा होऊन छत्रपतींच्या दरबाराभोवतीची चाकरीही गेली आणि सारा रोखीत भरण्याची सक्ती अवर्षणाच्या वर्षी कुणब्याला सावकाराच्या ओट्यावर नेऊन बसवू लागली. पुणे-मिरज लोहमार्ग तेव्हा नव्हता, तो त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आला. माण-फलटणच्या बाजूचा माणूस मुंबईकडे निघाला तर सालपे घाट, लोणंद, नीरा, जेजुरी या जुन्या सातारा-पुणे रस्त्याने पुण्याला जाऊन पुढे बोरघाट उतरे. कराड-पाटणकडचा कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरून गलबत धरी. या मुलखातून गेलेल्यांची संख्या मोठी नव्हती आणि ती मोठी होण्याआधीच प्रवाह आटला. याचे श्रेय मुंबईलाच द्यावे लागेल. १८५३ मध्ये रेल्वे धावू लागली, घाटातील बोगद्यांना हजारो हात लागले, १८५६ पासून गिरण्यांचे भोंगे वाजू लागले आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात कापसाच्या भावाने मुंबईत असा पैसा ओतला की पाच रुपये महिन्यासाठी समुद्र ओलांडायला माणूस मिळेना. १८६० च्या दशकाच्या मध्यानंतर मुंबईहून मॉरिशसला जाणारी वाहतूक जवळपास थांबली. बिहारच्या माणसाच्या दारात गिरणी नव्हती, म्हणून त्याचा प्रवाह पुढे आणखी चाळीस वर्षे वाहत राहिला. स्थलांतराचा इतिहास लिहिताना गरिबीचा पाढा वाचणे सोपे असते. गरीब माणसासमोर दुसरा कोणता रस्ता खुला होता, हे पाहिल्याशिवाय तो पाढा फारसे काही सांगत नाही.

मजूर मिळवण्याची पद्धत आज साखर कारखान्यांसाठी ऊसतोड टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाच्या पद्धतीहून फार वेगळी नव्हती. मळ्यावर काही वर्षे काढलेला जुना मजूर, ज्याला सरदार म्हणत, मालकाच्या पैशाने गावी परतून भाऊबंदांना व ओळखीपाळखीच्यांना उचल देऊन घेऊन येई आणि पुढे मळ्यावर तोच त्यांच्यावर देखरेख करी. दरमहा पाच रुपये मजुरी, शिवाय तांदूळ, डाळ, तूप, मीठ असा शिधा ठरलेला असे. कागदावर बरी दिसणारी ही मजुरी हातात मात्र पुरी पडत नसे, कारण एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची मुभा मालकाला होती. उसाच्या शेतांतून आजही दिसणारे दगडांचे प्रचंड ढीग, काही ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांचे मनोऱ्यासारखे रचलेले, हे आधी गुलामांनी आणि नंतर गिरमिटियांनी नांगरटीसाठी जमिनीतून उपसलेल्या बेसाल्टचे आहेत. करार संपवून बाहेर पडलेल्या मजुराला १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पाडले; तो नसेल तर भटक्या ठरवून तुरुंगात टाकण्यात येई. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळ्याच्या व्यवस्थापकाने १८७१ मध्ये हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिल्यावर इंग्लंडहून शाही आयोग आला आणि त्याच्या अहवालामुळे काही जाच कमी झाला. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीने बेटावर जे हजारो बळी घेतले त्यांत मजुरांच्या वस्त्यांतील माणसे सर्वाधिक होती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावरील स्थलांतर डेपोत, ज्याला आता आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून जो जागतिक वारसास्थळ आहे, प्रत्येकाची नोंद होई : क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. नोंद करणारा कारकून फ्रेंच वळणाचा असल्यामुळे नावांची अक्षरे त्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी कागदावर उतरली आणि बापाचे किंवा मजुराचे स्वतःचे नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून मॉरिशसच्या मराठी घराण्यांत देशावरची आडनावे क्वचितच आढळतात. शेवटी ‘जी’ असलेले आजोबा-पणजोबांचे नावच तेथे आडनाव म्हणून मिरवते. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेले असून पणजोबांचे गाव शोधणारे वंशज तेथूनच सुरुवात करतात.

साखरेच्या भावाने या समाजाची वर्गरचना बदलली. युरोपात बीटपासून काढलेली साखर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त झाली तशी मॉरिशसची साखर लंडनमध्ये मागे पडली आणि तिला भारताची बाजारपेठ शोधावी लागली. मुंबईमार्गे आलेली ती पांढरीशुभ्र दाणेदार साखर महाराष्ट्रात मोरस साखर म्हणून ओळखली गेली आणि गुळावर वाढलेल्या घरांत सणावारी आली. १८९९ मध्ये कर्झनच्या सरकारने युरोपातील सरकारी अनुदानाच्या बीट-साखरेवर भारतात जादा कर बसवला तो या मोरस साखरेलाही हात देण्यासाठी होता. म्हणजे गाव सोडून गेलेल्यांनी पिकवलेली साखर त्यांच्याच गावाच्या बाजारात विकली जात होती. याच मंदीमुळे मळेवाल्यांनी १८७० नंतर आपल्या जमिनीचे निकृष्ट व कडेचे तुकडे करून विकायला काढले. मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी उसाच्या क्षेत्राचा मोठा हिस्सा भारतीय वंशाच्या छोट्या बागायतदारांकडे आला. भारतातील १९०४ च्या कायद्याच्या धर्तीवर १९१३ मध्ये तेथे सहकारी पतपेढ्याही निघाल्या. परंतु साखरेचे कारखाने आणि गिरणीजवळच्या उत्तम जमिनी मोठ्या मळेवाल्यांकडेच राहिल्या. महाराष्ट्रात मात्र १९५० नंतर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापाठोपाठ सातारा-सांगलीत उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यांत ऊस घालणारा शेतकरीच भागधारक होता, त्याच्या मताने संचालक निवडून येत. मॉरिशसच्या छोट्या बागायतदाराला कारखान्याच्या सभेत उठून बोलण्याचा असा हक्क नव्हता, हा फरक बारीक म्हणता येणार नाही.

भारतात १९३२ च्या संरक्षण कायद्याने परदेशी साखरेला अटकाव केला आणि देशी कारखानदारी वेगाने वाढली, तेव्हा मोरस साखर येथून कायमची गेली. योगायोग असा की, त्याच वर्षी लोणंदपासून जवळच, नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र स्थापन झाले आणि त्याने दख्खनच्या काळ्या जमिनीसाठी उसाचे वाण निवडायला सुरुवात केली. मॉरिशसने आपली साखर संशोधन संस्था १९५३ मध्ये रेद्वी येथे काढली. एकाच तप्त स्रोताच्या दोन खडकांवर दोन देशांचे उसाचे अभ्यासक आजही पाण्याचा निचरा, खतांची मात्रा व रोगप्रतिकार हेच प्रश्न सोडवत आहेत, मात्र तेथे तोडणी जून ते डिसेंबरात चालते आणि येथे गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो.

राजकीय जागृतीची सुरुवात शोधताना मॉरिशसचे लोक १९०१ सालापर्यंत मागे जातात. दक्षिण आफ्रिकेतून परतणाऱ्या गांधींचे जहाज तेव्हा काही आठवडे पोर्ट लुईला थांबले होते, त्यांनी मुलांना शिकवा आणि राजकारणात या असा सल्ला दिला आणि त्यांच्या सांगण्यावरून १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले. १९३६ मध्ये मजूर पक्ष निघाला, १९३७ मध्ये बागायतदारांच्या असंतोषाचा उद्रेक होऊन गोळीबार झाला. खरी कलाटणी मात्र १९४८ च्या निवडणुकीने दिली, कारण नव्या घटनेनुसार बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एकीत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले आणि मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली. गावोगावच्या बैठका, म्हणजे संध्याकाळी भजन, पोथी व अक्षरओळख चालणाऱ्या झोपड्या, एका वर्षात मतदार घडवणाऱ्या शाळा झाल्या. पूर्वजांची भाषा तोवर देव्हाऱ्यातली वस्तू होती, ती राजकीय हत्यार बनली. १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस निवडून, शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक झाला. स्वातंत्र्याची किंमत आधीच वसूल करण्यात आली होती : १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस द्वीपसमूह तोडून घेतला, तेथील रहिवाशांना पुढच्या काही वर्षांत हाकलून दिएगो गार्सियाचा तळ अमेरिकेला दिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हे तोडणे बेकायदा ठरवले आणि मे २०२५ मध्ये चागोसचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर दोन्ही देशांनी सह्या केल्या.

सुमारे साडेबारा लाख लोकसंख्येच्या या देशात समाज कसा मोजला जातो, हे पाहण्यासारखे आहे. घटनेने हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सर्व, म्हणजे क्रिओल व गोरे, असे चार गट मानले. जनगणनेत मात्र पूर्वजांची भाषा विचारली जाते आणि त्या उत्तरावर मराठी, तमिळ, तेलुगू हे हिंदी-भोजपुरी हिंदूंपासून वेगळे उभे राहतात. संख्येने लहान असूनही मराठी समाजाने आपली वेगळी पाटी टिकवली ती या व्यवस्थेमुळे, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये. व्हाकोआ, कास्काव्हेल आणि पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हरच्या भागात या समाजाची जुनी वस्ती आहे. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच आणि पूजेला मराठी अशी भाषांची विभागणी असली तरी सरकारी शाळांत मराठी शिकवली जाते, महात्मा गांधी संस्थेत तिचा स्वतंत्र विभाग आहे आणि गावोगावच्या मंडळांचा महासंघ आहे. हेन्रिएटा या गावी १८९६ मध्ये सुरू झाल्याचे मानले जाणारे गणेशपूजन आता राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे, त्या दिवशी रंगीत वस्त्रे नेसलेल्या मुली मूर्तीपुढे झाकरी नाचतात. रत्नागिरीतील जाखडीचेच हे रूप असून, त्या नाचात पुरुषच नाचण्याची कोकणातली जुनी रीत तेथे मोडली गेली. २०२३ मध्ये महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारण्यात आला, तरी या समाजाची मराठी ओळख मुख्यतः गणपती, विठ्ठल व सत्यनारायण यांच्याभोवतीच फिरते. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, त्याच जातीची पायी चालण्याची ओढ मॉरिशसमध्ये महाशिवरात्रीला दिसते. १८९८ पासून ग्रां बासँ या विवराच्या तळ्याकडे कावडी घेऊन लोक चालत जातात, १९७२ मध्ये त्यात गंगेचे पाणी सोडल्यावर त्याचे नाव गंगातलाव झाले आणि त्या वाटेवर मराठी, भोजपुरी, तमिळ असा भेद फारसा उरत नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी अर्थतज्ज्ञांनी या देशाचे भवितव्य अंधकारमय रंगवले होते : एकच पीक, वाढती लोकसंख्या, जमीन संपलेली. हे भाकीत खोटे ठरले. १९७० मध्ये निर्यातीसाठीच माल करणाऱ्या कारखान्यांना करसवलत देणारे क्षेत्र निघाले आणि तयार कपड्यांच्या कामात हजारो बायका प्रथमच पगारावर गेल्या. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने वर्षाला पाच लाख टनांहून अधिक साखर चढ्या ठरावीक भावाने घेण्याची हमी दिली, त्या पैशातून १९७७ मध्ये माध्यमिक शिक्षण फुकट झाले. पर्यटन आले, बँका आल्या. भारताशी १९८२ मध्ये झालेल्या कराराने मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपनीला भारतातील भांडवली नफ्यावर येथे कर द्यावा लागत नसे, त्यामुळे हे बेट अनेक वर्षे भारतातील परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा दरवाजा राहिले. २०१६ च्या दुरुस्तीने ती सवलत आटोपली. युरोपने २००९ मध्ये साखरेची हमी काढून घेतली तेव्हा कारखाने एकत्र करून, चिपाडावर वीज निर्माण करून व खास साखरा बनवून तो धंदा तगवला गेला, परंतु उसाखालचे क्षेत्र घटतच आहे. जुलै २०२० मध्ये वाकाशियो हे जपानी मालकीचे जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडले, तेव्हा पर्यटनाचा पायाही किती पातळ कवचावर उभा आहे ते दिसले.

ऊस पिकवणारा हा देश तांदूळ, पीठ, डाळ व कांदा बाहेरून आणतो. भारताने कांद्याची निर्यात रोखलेली असताना एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांना ९९,१५० टन कांदा देण्याची मोकळीक जाहीर झाली, त्या सहांत मॉरिशस होता आणि हा कांदा मुख्यतः महाराष्ट्रातून उचलायचा होता. लोणंदच्या बाजार समितीत भाव काय फुटतो, त्याचा पोर्ट लुईच्या स्वयंपाकघराशी असा संबंध येतो. दुसरीकडे तेथील तरुण आता शेतात व शिवणयंत्रावर बसायला तयार नसल्यामुळे बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर व भारतातून काही वर्षांच्या करारावर मजूर आणले जातात. त्यांना कंपनीच्या वसतिगृहात ठेवले जाते, परवाना एकाच मालकापुरता असतो आणि करार संपला की परत पाठवले जाते. या परवान्याच्या अटींवर मॉरिशसच्या कामगार संघटना वारंवार बोट ठेवतात. मालकांचे म्हणणे १८४२ सारखेच, मनुष्यबळ कमी पडते, असे आहे.